थंडोबाची उत्तरपत्रिका

खरं काय ते लिहा असं सांगितल्यावर जो माणूस खरोखरच खरं लिहितो, त्याच्यापुढे मी हात टेकले आहेत. बत्तीस जणांत असा एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या शेजारी बसला होता. नेमका कसला, मीच त्याला दंडाला धरून शेजारी बसवला होता.

आमच्या कारखान्यात त्याला थंडोबा म्हणतात. पत्र्याचा कारखाना. आठ-आठ टनांच्या पत्र्याच्या गुंडाळ्या शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायच्या, हे तीन नंबरच्या क्रेनचं काम. क्रेन छपराखालच्या रुळांवरून फिरते, तिच्या पोटाशी एक काचेची केबिन लटकते आणि त्या केबिनीत थंडोबा बसतो. खाली मी. गुंडाळीला साखळी लावायची आणि हातवारे करून त्याला वर सांगायचं, हे माझं काम. पत्रा कापायच्या यंत्राचा आवाज असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. बोट वर केलं की हुक वर. बोट खाली केलं की हुक खाली. मूठ वळली की थांब. अठरा वर्षं मी त्याला एवढंच सांगत आलो आणि तो मुकाट ऐकत आला.

माझं नाव कारखान्यात मिरची पडलंय, त्यामुळे माझ्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. थंडोबाचं सांगतो. हा माणूस गुंडाळी जमिनीवर अशी टेकवतो, की खाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. रोज सकाळी वर चढला की जुन्या बनियनच्या तुकड्यानं केबिनीची काच पुसणार, मगच बटणाला हात लावणार. कधी चिडला नाही, कधी कुणाबद्दल वाकडं बोलला नाही. एकदा माझी खूण चुकली आणि गुंडाळी खांबाला घासली. साहेबांनी त्यालाच झापलं. यानं सगळं ऐकून घेतलं, वर गेला आणि काच पुसत बसला. मी जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, अरे, चूक माझी होती, सांगायचं ना. तर म्हणतो, जाऊ दे, झालं ते झालं. असा माणूस डोक्यात जातो हो! भांडायचं तरी कुणाशी?

गेलं वर्षभर तो डबा अर्धाच खायचा आणि उरलेला माझ्याकडे सरकवायचा. भूक नाही म्हणायचा. वहिनींच्या हाताला चव आहे, मी खुशाल संपवायचो. थंडीच्या सुरुवातीला त्यानं आपले चामड्याचे चांगले हातमोजे मला देऊन टाकले. मला आता लागत नाहीत, म्हणाला. मी तेही खुशाल घेतले. दाढीवाल्या फिटरकडून आणलेला पान्यांचा संच त्यानं घासूनपुसून परत केला. चार वर्षं तो संच आपला आहे हे दाढीवाला विसरूनच गेला होता. आम्ही म्हटलं, बघा, माणूस असावा तर असा.

आता परीक्षेकडे येतो. पलीकडच्या शेडमध्ये एका क्रेनवाल्यानं मुकादमाशी भांडण झाल्याच्या रागात भरलेला हुक धाडकन खाली सोडला. माणूस मेला नाही, पण एका हातगाडीचा चुरा झाला. लगेच वरून हुकूम आला, की उंचीवर आणि यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाची मानसिक चाचणी घ्यायची. डोकं ठिकाणावर आहे की नाही आणि स्वभाव कसा आहे ते कागदावर तपासायचं. हातगाडी मोडली एकाच्या रागानं आणि परीक्षा बत्तीस जणांना. आम्हाला शाळा सोडून तीस-तीस वर्षं झालेली. नापास झाला तो क्रेनवरून उतरणार आणि अंगणात झाडू मारणार, अशी बातमी चहाच्या टेबलावर पसरली. बातमी कुणी आणली ते अजून सापडलेलं नाही, पण दोन नंबरच्या क्रेनवर बसणाऱ्या आमच्या पहिलवानाची सुद्धा त्या रात्री झोप उडाली.

मग आम्ही डोकं चालवलं, आणि आमचं डोकं ते किती चालणार! माझीच अक्कल होती, दुसऱ्यावर ढकलत नाही. आपल्यात सगळ्यात ठिकाणावर डोकं कुणाचं? थंडोबाचं. मग सगळ्यांनी त्याचीच उत्तरं लिहायची. मी त्याच्या शेजारी बसणार, त्याच्या कागदावर बघणार आणि डावा हात पाठीमागे ठेवून खुणा करणार. बोट वर म्हणजे 'हो', बोट खाली म्हणजे 'नाही', मूठ म्हणजे थांबा, अजून लिहितोय. खुणा आम्हाला नव्यानं शिकायच्या नव्हत्या. थंडोबाला मात्र सांगायचं नाही असं ठरलं, कारण तो नको म्हणाला असता.

कँटीनमध्ये टेबलं मांडली होती. परीक्षा घ्यायला मानसशास्त्राच्या बाई आल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या, खांद्याला जड पिशवी. त्यांनी सांगितलं, यात बरोबर-चूक असं काही नसतं, मनात असेल ते खरं लिहा. प्रश्न दोनशे बारा, वेगळ्या वहीत छापलेले, आणि उत्तराच्या कागदावर प्रत्येक नंबरापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. थंडोबानं मान डोलावली, चष्मा लावला आणि लिहायला घेतलं.

आणि काय सांगू, त्यानं माझा अंत पाहिला. आम्ही बाकीचे असतो तर अर्ध्या तासात खुणा करून मोकळे झालो असतो. हा प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा, बाहेर बघायचा, मग पेन टेकवायचा. शहाण्णवाला आधी 'हो' केलं, मग खोडून 'नाही' केलं. मला पाठीमागे बोट वर करून, मग पंजा हलवून रद्द करून, मग बोट खाली करावं लागलं. बाई जवळ आल्या आणि पाठ दुखतेय का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, तर त्यांनी मला टेकायला आपली शाल घडी करून दिली. एकशे एकेचाळीसवर तर हा पठ्ठ्या जो अडकला तो अडकलाच. पेन हवेत. मी मूठ वळून बसलोय, माझ्या मागे तीस माणसं माझ्या मुठीकडे डोळे लावून बसली आहेत, माझ्या मनगटाला मुंग्या आल्या आहेत, आणि मी मनातल्या मनात त्याला नाही नाही त्या शिव्या घालतोय. शेवटी त्यानं 'हो' वर खूण केली. मी बोट वर केलं. मागे तीस पेनं एकदम टेकल्याचा आवाज आला.

दोनशे बारापैकी एकही प्रश्न मी वाचला नाही. मला चौकोनाशी मतलब.

आठवड्यानं निकाल आला, तेव्हा साहेबांच्या खोलीतून हसण्याचा आवाज बाहेर ऐकू आला. बत्तीसच्या बत्तीस जण एकाच आजाराचे निघाले होते. तीव्र नैराश्य. साहेब बाईंना म्हणाले, अहो, ही माणसं जेवणाच्या सुट्टीत टेबलं वाजवून गातात, त्यांना कसलं नैराश्य? तुमच्या कागदातच खोट आहे. चाचणी रद्द झाली. शेडमध्ये आनंदीआनंद. पहिलवान दिवसभर जो भेटेल त्याला विचारत फिरत होता, काय रे, नैराश्य कसं आहे, घरचे बरे आहेत ना? मीही पोट धरून हसलो. थंडोबा वर केबिनीत होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नसेल.

दुपारी तीन वाजता बाईंनी मला कँटीनमध्ये बोलावलं. मला वाटलं शालीबद्दल विचारतील. त्यांनी माझ्यापुढे पाच-सहा कागद मांडले आणि शहाण्णव नंबरवर बोट ठेवलं. प्रत्येक कागदावर आधी 'हो', मग खाडाखोड, मग 'नाही'. नकलेतली खाडाखोडसुद्धा आम्ही इमानानं उतरवली होती. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वैताग होता. त्या म्हणाल्या, की साहेबांना त्यांनी हे सांगून पाहिलं, पण साहेबांना विनोद जास्त आवडला. बाईंना कुणाला शिक्षा करायची नव्हती. ही उत्तरं कुणाची, एवढंच त्यांना हवं होतं.

मिरची असलो तरी चुगलखोर नाही. माहीत नाही म्हटलं.

मग त्यांनी प्रश्नांची वही उघडली. म्हणाल्या, एरवी परीक्षेनंतर ही कुणाला दाखवत नाही, पण आज दाखवते. माझाच कागद माझ्या हातात दिला, माझी सही असलेला, आणि त्या एकेक प्रश्न वाचू लागल्या. मी माझंच उत्तर बघायचं.

रोज सकाळी उठायचं म्हटलं की जिवावर येतं. हो. मी म्हटलं, बाई, हे तर कारखान्यात कुणालाही विचारा. त्यांनी माझ्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. जेवणावरची वासना गेली आहे. हो. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमत नाही. हो. मग त्यांनी पान उलटलं आणि एकशे एकेचाळीसावा वाचला.

"मी नसतो तर घरच्यांचं काही अडलं नसतं."

माझ्या कागदावर, माझ्या हातानं, 'हो' वर ठसठशीत खूण होती. याच प्रश्नाला मी मूठ वळून बसलो होतो आणि त्याला शिव्या घालत होतो.

"बाकीच्या एकतीस जणांचं मला काही कळायला मार्ग नाही," बाई म्हणाल्या. "एक माणूस मात्र खरं बोललाय. आणि तो कदाचित रोज चाळीस फूट वर चढत असेल. मी पाचला निघणार आहे, साहेबांनी उद्यापासून येऊ नका म्हटलंय."

मी विचारलं, सांगितलं तर त्याचं काय होईल? त्यांनी गोड बोलून फसवलं नाही, हे त्यांचं मानलं पाहिजे. तो क्रेनवर असेल तर काही महिने उतरवावं लागेल. डॉक्टर, औषध, दर आठवड्याला त्यांच्याकडे येऊन बोलणं. नोकरी जाणार नाही असं त्या साहेबांकडून लिहून घेतील. क्रेन परत मिळेल का, ते त्या आज सांगू शकत नव्हत्या.

मी बाहेर आलो. खरं सांगायचं तर मला रडू वगैरे काही आलं नाही, मला राग आला. बाईंचा आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त थंडोबाचा आला. अरे माणसा, जगात सगळे खोटं लिहितात, तूही लिहायचंस. नाहीतर मला सांगायचंस. मी काय मेलो होतो? आणि आता मी नाव सांगितलं तर तुझी केबिन जाते. त्या काचेशिवाय तुझ्याजवळ उरतं काय? नाही सांगितलं तर उद्या सकाळी तू परत शिडी चढतोस. दोन्हीकडून मीच मेलो.

तसाच तणतणत मी शेडमध्ये गेलो, खिशातले हातमोजे काढले आणि घालायला लागलो. एका हातात घातला आणि तिथेच थांबलो. चामड्याचे, आतून अस्तर लावलेले. मला आता लागत नाहीत. अर्धा डबा. दाढीवाल्याचे घासलेले पाने. माणूस घर सोडून जाताना जशी आवराआवर करतो, तशी हा आमच्या डोळ्यांदेखत करत होता, आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो.

घड्याळात चार वाजून गेले होते. मी वर बघितलं. केबिनीच्या काचेमागे त्याचा चष्मा दिसत होता. हुक रिकामा होता. आमच्या धंद्यात एक नियम आहे. बाकीच्या खुणा फक्त मी करायच्या, पण थांबायची खूण कुणीही केली, झाडूवाल्यानं केली तरी, क्रेनवाल्यानं थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. मी मूठ वळली. क्रेन जागच्या जागी थांबली.

पुढे काय करायचं ते मला सुचेना. माणसाला खाली ये म्हणायची खूण आमच्यात नाहीच. कधी लागलीच नाही. मी बोट खाली केलं. त्यानं हुक खाली सोडायला सुरुवात केली. मी मान हलवली, परत बोट खाली केलं, छातीवर हात ठेवून त्याच्याकडे दाखवलं. हुक आणखी खाली आला. मी जोरजोरात बोट नाचवायला लागलो आणि हुक इमानेइतबारे उतरत माझ्या नाकासमोर येऊन जमिनीला टेकला. अठरा वर्षांत मला त्याचा एवढा संताप कधी आला नव्हता. मी हातमोजा काढला आणि हुकाला अडकवला. दुसराही अडकवला. मग बोट वर केलं.

हुक हळूहळू वर गेला, हातमोजे लोंबकळत गेले. केबिनीच्या समोर आल्यावर त्यानं हुक थांबवला. हातमोजे झुलायचे थांबले. मग केबिनीचं दार उघडलं आणि तो शिडीवरून एकेक पायरी उतरत खाली आला.

शिडीच्या पायथ्याशी आवाजामुळे बोलता येईना, म्हणून मी त्याला मागच्या दारानं बाहेर नेलं. तिथं मोडक्या फळ्यांचा ढीग आहे. मी खूप बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हटलं ते एवढंच, की तुझा कागद मी चोरला, एकशे एकेचाळीसचं उत्तर मी तीस जणांना बोट वर करून सांगितलं, आणि तो प्रश्न मी आज वाचला.

तो फळीवर बसला. म्हणाला, मला वाटलंच होतं तुम्ही काहीतरी करताय, मिरचीची पाठ कधी दुखत नाही.

"झालंय काय तुला?" मी विचारलं. "घरी काही? मुलीचं काही? काय कारण आहे?"

"कारण असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "कारण नाही, म्हणूनच तर सांगता येईना. लोक म्हणाले असते, सगळं बरं चाललंय, मग याला काय धाड भरलीय."

मी विचारलं, मग कागदावर का लिहिलंस?

"बाईंनी विचारलं," तो म्हणाला. "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मी रोज त्याचा अर्धा डबा खात होतो. मी म्हटलं, बाई पाचला जातील, चल. तो म्हणाला, क्रेन जाईल. मी म्हटलं, जाईल. खोटं बोलायला त्या दिवशी जीभ उचलेना. तो उठला, पँट झटकली आणि माझ्यामागून कँटीनकडे चालू लागला. पावणेपाच झाले होते. बाई पिशवीची चेन लावत होत्या.

त्यानंतर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते सांगण्यासारखं नाही. नकलेची कबुली दिल्यामुळे मला लेखी ताकीद मिळाली आणि बाईंना परत बोलावून सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली, या खेपेला टेबलं लांब लांब ठेवून. पहिलवान महिनाभर माझ्याशी बोलला नाही. दाढीवाल्यानं मला घरभेदी म्हटलं. थंडोबा सोडून पास सगळे झाले. मला शीघ्रकोपी असा शेरा मिळाला, त्यासाठी दोनशे बारा प्रश्नांची काय गरज होती ते बाईंनाच ठाऊक.

मी वहिनींना भेटायला गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांची चळत. मुलगी बाहेरगावी नर्सचं शिकते. वहिनी आधी माझ्यावरच चिडल्या, की भावजी, यांना कसला आजार, हे तर कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. मग यंत्राचा पाय थांबवून म्हणाल्या, गेल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे कागद एका फाइलीत लावले, आणि कुठला कुठे आहे ते मला दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, किती टापटीप. एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला.

थंडोबाला हत्यारांच्या खोलीत बसवलं. साखळ्या, पट्टे, हातमोजे लिहून द्यायचे आणि लिहून घ्यायचे. तीन नंबरवर एक नवीन माणूस आला, तो गुंडाळी अशी आपटतो की माझे दात वाजतात. डबा आता थंडोबा माझ्यासमोर पूर्ण संपवतो, संपवला नाही तर मी उठू देत नाही. रोज विचारतो, आज कसं आहे? कधी म्हणतो, बरं आहे. कधी म्हणतो, आज नाही बरं. औषधानं तोंड कोरडं पडतं अशी तक्रार करतो. थंडोबा तक्रार करतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एकदा तर नवीन माणसानं पट्टा चिखलात टाकून आणला म्हणून त्याच्यावर चक्क डाफरला. मला इतका आनंद झाला की मी त्या नवीन माणसाला चहा पाजला.

सहा महिन्यांनी बाईंनी त्याची चाचणी परत घेतली. तोच कागद, तेच दोनशे बारा. मी कँटीनच्या दाराबाहेर उभा होतो. आत तो किती वेळ लावत होता ते काय सांगू, दोनदा मी दाराला कान लावला. शेवटी बाहेर आला, चष्मा पुसत. मी बाकी काही विचारलं नाही. एकशे एकेचाळीसचं काय केलंस, एवढंच विचारलं.

"मोकळाच सोडला," तो म्हणाला. "'हो' करवेना. 'नाही' म्हणायची अजून खात्री नाही. बाई म्हणाल्या, काहीतरी एक भरा. मी म्हटलं, पुढच्या खेपेला भरतो."

दोनशे अकरा भरले आणि एक सोडला. बाईही वैतागल्या असणार. मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, पुढच्या खेपेला भरतो म्हणाला. हात धुताना परत सांगितलं. ताटावर बसल्यावर तिसऱ्यांदा सांगायला लागलो, तर ती म्हणाली, कळलं, पुढच्या खेपेला म्हणाले ना, आता तुम्ही जेवा.